एसीचा गॅस ‘संपत’ नाही

जयंतीचा एप्रिल अर्धा सरला की नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडच्या वस्त्यांना उन्हाची खरी ओळख होते. टिनाच्या छपराखाली दुपारी बसवत नाही आणि रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी ती गरमच लागते. पूर्वी अशा घरात फार तर कुलर असे. आता हप्त्यावर घेतलेला, नाहीतर कुणाकडून जुना काढून आणलेला स्प्लिट एसी वस्तीतही दिसू लागला आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल, बाळंतीण असेल, हृदयविकाराचे वृद्ध वडील असतील किंवा रात्र जागून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असेल, तर त्या एसीला चैन म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. तेव्हा या वेळी गोळ्या-औषधे बाजूला ठेवू आणि या यंत्राच्या तब्येतीविषयी बोलू. त्याची तब्येत बिघडली की आपलीही बिघडते आणि खिशाची तर सर्वांत आधी.

मे महिन्यात हमखास ऐकू येणारी तक्रार एकच असते. एसी चालू आहे, हवा येते, पण गारवा नाही. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, काटा बघतो आणि सांगतो, ‘‘गॅस संपला, भरावा लागेल.’’ दोन-तीन हजार रुपये जातात. आठ-पंधरा दिवस खोली गार होते. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी पुढच्याच महिन्यात, पुन्हा तेच. बरीच घरे तर ‘एसीत दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ असे धरून चालतात. हे धरून चालणे आधी सोडून द्यायला हवे.

एसीतला गॅस चुलीवरच्या सिलिंडरसारखा जळत नाही आणि वापरून कमीही होत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत राहतो. घरातल्या युनिटच्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते आणि ती होताना खोलीतली उष्णता शोषून घेते. बाहेरचा कॉम्प्रेसर ती वाफ दाबून पुढे ढकलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती उष्णता टाकून देऊन पुन्हा द्रव होते आणि परत आत येते. नळी धड असेल तर दहा वर्षांनीही गॅस तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. पंक्चर न काढता सायकलच्या चाकात रोज हवा भरणाऱ्याला आपण काय म्हणू?

पण गळतीचा संशय घेण्याच्याही आधी एक गोष्ट तपासायची आहे. ती फुकट आहे आणि घरातल्या कुणालाही जमते. गारवा कमी होण्याचे रोजचे कारण गॅस नसतो, मळ असतो.

मळ कुठे साचतो

आपली घरे एका खोलीची, फार तर दोन खोल्यांची. जिथे झोपायचे तिथेच फोडणी पडते. फोडणीचा तेलकट धूर वर जातो, एसी तो आत ओढतो आणि फिल्टरच्या जाळीवर तेलाचा बारीक थर बसतो. त्यावर गल्लीतली धूळ चिकटते. मोठ्या फ्लॅटमध्ये एसी बेडरूमला असतो आणि स्वयंपाकघर दूर असते, म्हणून तिथे पंधरा दिवसांनी फिल्टर धुतला तरी भागते. आपल्याकडे उन्हाळ्यात तो आठवड्याला काढायला हवा. तेलकट फिल्टर नुसत्या पाण्याने निघत नाही. भांड्यांचा पातळ साबण कोमट पाण्यात घालून दहा मिनिटे भिजवा, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. ओला बसवला की बुरशी धरतो. उन्हात ठेवला की प्लास्टिकची चौकट वाकते. हे सगळे करण्याआधी नुसते रिमोटने बंद करून चालत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लगही काढायचा.

फिल्टर काढला की मागे चंदेरी पातळ पत्र्यांची कॉइल दिसते. तिच्यावर धुळीचा थर असेल तर जुना मऊ टूथब्रश वरून खाली, पत्र्यांच्या दिशेनेच फिरवा. आडवा फिरवला तर पत्रे वाकतात, आणि त्यांच्या कडा बोट कापण्याइतक्या धारदार असतात. खालच्या फटीतून टॉर्च मारून पाहिले तर एक लांबट गोल पंखा दिसेल. त्याला ब्लोअर म्हणतात. त्याच्या पात्यांवर काळे ठिपके किंवा काळसर लेप दिसला तर ती बुरशी आहे. एसी सुरू करताच कुबट वास येतो तो हिचाच. सकाळी उठल्यावर घसा धरणे, सटासट शिंका, लेकराचा खोकला घरात असताना वाढणे आणि बाहेर गेल्यावर कमी होणे, या तक्रारी असतील तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पण त्यासोबत हा ब्लोअरही पाहा. दम्याच्या रुग्णाला पंप बदलून देऊन त्याच बुरशीच्या हवेत पुन्हा झोपवण्यात काही अर्थ नाही.

ब्लोअर घरी धुता येत नाही. त्यासाठी मेकॅनिककडून पाण्याच्या पंपाची सर्व्हिस करून घ्यावी. तो युनिटखाली प्लास्टिकची पिशवी बांधतो आणि बारीक धारेने कॉइल, ब्लोअर आणि पाण्याचा ट्रे धुतो. काम चालू असताना तिथे उभे राहा. पिशवीतून खाली येणारे पाणी आधी काळे यायला हवे आणि शेवटी स्वच्छ. नुसता फिल्टर झटकून, वरून फडके मारून, ‘झाली सर्व्हिस’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देण्याचे कारण नाही. बाहेरचे युनिट धुतले का, हेही विचारा. निम्मे मेकॅनिक त्याला हातच लावत नाहीत.

बुरशी पुन्हा धरू नये म्हणून एक साधी सवय पुरेशी आहे. एसी बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे तो नुसत्या फॅन मोडवर चालू द्या. ओली कॉइल वाळते. काही नव्या यंत्रांत हे आपोआप होते.

आता बर्फाचे. कधी कधी आतल्या कॉइलवर पांढरा बर्फ जमतो आणि घरचे खूश होतात, काय गार करतोय म्हणून! उलट, तो आजाराचा पुरावा असतो. फिल्टर तुंबल्यामुळे कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली ओल तिच्यावर गोठते. बर्फ वाढला की हवा आणखी अडते. अशा वेळी थंड मोड बंद करून दोन-तीन तास नुसता फॅन चालवा. बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडले तर सगळा गॅस जाईल. फिल्टर धुऊन पुन्हा सुरू करा. स्वच्छ फिल्टरवरही बर्फ आला तर मग मात्र गॅस कमी असण्याचा किंवा ब्लोअरची मोटर मंदावल्याचा संशय रास्त आहे.

घरात पाणी टपकणे हाही बहुतेक वेळा मळाचाच प्रकार. कॉइलवर जमलेले पाणी ट्रेमधून ड्रेन पाईपने बाहेर जाते. त्या पाईपात धूळ आणि शेवाळ मिळून गिळगिळीत बुळबुळीत लगदा तयार होतो. बाहेरच्या टोकाकडून पाईप झटकून किंवा जोराने फुंकून तो निघतो. पाईपाला सगळीकडे उतार हवा, मध्ये कुठे झोळ नको. त्याचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असले तरी पाणी अडते. आणि ती बादली! डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते. बादली रोज रिकामी करा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला, कुंडीला चालते. दिसायला ते नितळ असते म्हणून कुणी पिण्याच्या भांड्यात भरू नये, ते धुळीच्या कॉइलवरून आणि घाणेरड्या ट्रेमधून आलेले असते. चिंचोळ्या गल्लीत पाईप शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडला तर पुढे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

यंत्र ठीक, पण छप्पर तापलेले

फिल्टर, कॉइल, बाहेरचे युनिट सगळे स्वच्छ झाले तरी खोली गार होत नसेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी एक मोजणी करा. साधा डिजिटल थर्मामीटर बाजारात स्वस्तात मिळतो. एसी वीस मिनिटे चालू द्या. मग वरून, जिथून एसी हवा आत ओढतो, तिथले तापमान पाहा आणि खाली जिथून गार हवा येते तिथले पाहा. दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी आपले काम करतो आहे. दोष दुसरीकडे आहे. फरक तीन-चार अंशांचाच असेल तर मेकॅनिक बोलवा.

दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा डोक्यावर. एसीची टनांची क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून मोजलेली असते. नागपुरात पारा ४५-४६ वर जातो तेव्हा तोच एसी कमी गारवा देतो आणि वीज जास्त घेतो. त्यात छप्पर टिनाचे असेल तर दुपारी ते तव्यासारखे तापून खोलीत उष्णता फेकत राहते. एक टनाच्या एसीने १०० ते १२० चौरस फुटांची खोली गार होते, हा ठोकताळा सिमेंटच्या स्लॅबचा आहे, टिनाचा नाही. टिनाखाली कॉम्प्रेसर एकदाही न थांबता चालत राहतो. साधा एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना ताशी साधारण एक युनिट घेतो. रोज आठ तास न थांबता चालला तर महिन्याला सुमारे २४० युनिट झाले, आणि घरातले बाकी सगळे त्यावर. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांवर दराची पायरी चढते, हे बिल हातात घेणाऱ्याला माहीत आहेच. म्हणून आधी छपराला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारा, वर हिरवी जाळी थोडे अंतर ठेवून बांधा, खालून छत लावा. छताला थर्माकोल लावतात, तो झटकन पेटतो. जिथे गॅसची शेगडी त्याच खोलीत आहे तिथे तो नको. या खर्चाने एसीचा खर्च खरोखर उतरतो, गॅस भरल्याने नाही.

आणखी एक चूक विदर्भात घरोघरी होते. एसी पुरत नाही म्हणून सोबत कुलरही लावतात. कुलर हवेत पाणी मिसळतो आणि एसी तेच पाणी हवेतून काढण्यात आपली ताकद घालवतो. दोघे एकमेकांशी भांडतात आणि बिल आपण भरतो. कुलर लावायचा तर खिडकी उघडी ठेवून एकटा लावा. एसीसोबत छताचा पंखा मात्र जरूर चालवा.

बाहेरच्या युनिटला श्वास घ्यायला जागा हवी. दोन फुटांच्या गल्लीत समोरासमोर दोन युनिटे असतील तर एकाची गरम हवा दुसरा ओढतो. त्यावर ताडपत्री टाकलेली, कपडे वाळत घातलेले, मागच्या बाजूला कबुतराने घरटे केलेले, असे युनिट रोज दिसते. समोर आणि मागे मोकळे ठेवा. मुख्य स्विच बंद करून मागची जाळी मंद धारेच्या पाण्याने धुता येते. बाजूच्या झाकणात विजेची जोडणी असते, त्या बाजूला पाणी नको. आणि युनिट हाताशी, जमिनीवर किंवा पक्क्या ओट्यावर असेल तरच हे घरच्यांनी करावे. खिडकीबाहेर वाकून कधीच नाही.

विजेपुढे धाडस नको

संध्याकाळी सगळ्या वस्तीत दिवे-पंखे लागतात आणि व्होल्टेज खाली येते. तेव्हा बाहेरचे युनिट घुरघुरते, सुरू होत नाही, थोड्या वेळाने कट होते. कमी व्होल्टेजवर पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कॉम्प्रेसरचा जीव घेतो. चांगला स्टॅबिलायझर लावा, आणि लाईन गेली-आली तर किमान तीन मिनिटे थांबूनच एसी चालू करा. बाहेरचा पंखा फिरत नसेल आणि नुसता गुणगुणाट येत असेल तर बरेचदा कॅपॅसिटर नावाचा डबीएवढा, स्वस्त सुटा भाग गेलेला असतो. ‘कॉम्प्रेसर गेला’ असे कुणी सांगितले तर आधी कॅपॅसिटर मोजून दाखवायला सांगा. स्वतः मात्र ते झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

एसीला मीटरपासून स्वतंत्र तांब्याची तार लागते. दीड टनाला साधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची घेतात. टीव्हीच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून चालवलेला एसी म्हणजे आगीला निमंत्रण. प्लग हाताला गरम लागला, जळका वास आला, तर त्याच क्षणी बंद. एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठ्या अँपिअरची लावून घेणे म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे. अर्थिंग खरे आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. सॉकेटला तिसरे भोक असणे आणि त्यामागे अर्थिंग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली तर शॉक लागताच वीज तुटते. कुलरच्या शॉकने उन्हाळ्यात माणसे जातात, हे आपल्या भागाला नवीन नाही. तीच आरसीसीबी कुलरच्या वेळीही जीव वाचवते. आकडा टाकून घेतलेल्या लाईनवर एसी चालवण्याबद्दल एवढेच सांगतो की तिथे यातले कोणतेही संरक्षण नसते.

गॅस भरायचाच असेल तर

सगळे तपासले आणि गळतीच निघाली, तर मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारा, गळती कुठे आहे? नळ्यांच्या जोडावर, नटांवर साबणाचा फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. नटाभोवती तेलकट डाग असेल तर तिथूनच गॅस जातो आहे, कारण गॅससोबत थोडे तेलही बाहेर येते. पुष्कळदा नुसता सैल नट असतो. जागा सापडत नसेल तर नळीत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून तपासतात. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची असते, त्याला अर्धा तास तरी लागतो. मग गॅस वजनाने भरायचा. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. काटा न आणता, पंप न लावता, पाच मिनिटांत ‘भरला’ म्हणणाऱ्याने तुमच्याकडून पुढच्या वर्षीचे पैसेही आत्ताच ठरवून ठेवले आहेत.

पट्टीवरचे नाव महत्त्वाचे आहे. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो, नंतरच्या काहींत आर-४१०ए, आताच्या बऱ्याच यंत्रांत आर-३२ आणि काहींत आर-२९०. एकाच्या जागी दुसरा भरता येत नाही. जुन्या आर-२२च्या यंत्रात स्वस्तात मिळतो म्हणून दुसरा पेटणारा गॅस भरणे धोक्याचे आहे. आर-३२ सौम्यपणे पेटू शकतो. आर-२९० तर प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. म्हणून गॅसचे काम चालू असताना शेगडी, दिवा, अगरबत्ती, विडी सगळे बंद, आणि दार-खिडक्या उघड्या. मुलांना बाहेर खेळायला पाठवा. हे गॅस हवेपेक्षा जड असतात, ते खाली साचतात आणि छोट्या बंद खोलीत श्वासाची हवा बाजूला सारतात. नळीत गॅस शिल्लक असताना टॉर्चने जोड तापवला तर विषारी वाफा निघतात. डोळे-घसा झोंबणारा वास आला की काम जिथल्या तिथे थांबवून सगळ्यांनी बाहेर यावे.

इथे दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. एसीचा मेकॅनिक म्हणजे कुणी परका नव्हे. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून, किंवा त्याशिवायच उस्तादाच्या हाताखाली शिकून, आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरे या कामात आहेत. हंगामात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, दिवसाच्या हजेरीवर. त्यांच्या जिवाला दोन गोष्टींचा मोठा धोका आहे आणि दोन्ही टाळता येण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे ऑक्सिजन. जोड डाखण्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असतोच. नायट्रोजन आणायला वेळ नसतो. मग कुणीतरी म्हणते, ‘‘ऑक्सिजनच मारून बघ, दाबच तर बघायचाय.’’ एसीच्या नळीत आणि कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, आणि कॉम्प्रेसरचे लोखंडी कवच फुटून समोर बसलेल्या मुलाच्या अंगावर येते. गळती तपासायला ऑक्सिजन कधीही, कोणत्याही कारणाने वापरायचा नाही. हे तुमच्या घरी काम करणाऱ्याला सांगा आणि तुमचा मुलगा या धंद्यात असेल तर त्याला आज रात्री जेवताना सांगा.

दुसरी गोष्ट उंची. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, फुटभर रुंदीच्या सज्जावर, एका हाताने ग्रिल धरून दुसऱ्या हाताने तीस-चाळीस किलोचे युनिट सांभाळणारा हेल्पर शहरात कुठेही पाहा. बेल्ट नाही, दोर नाही. घरमालक आतून ‘जरा लवकर’ म्हणतो. कंत्राटदाराने बेल्ट दिला नाही तर ‘नाही उतरत’ असे म्हणायचा त्या मुलाला हक्क आहे, पण हजेरी बुडेल म्हणून तो म्हणत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी त्याच्यामागे उभे राहायला हवे, आणि एक दिवसाची हजेरी बुडाली तर त्याला बोल लावू नये. पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट मोबाइलपेक्षा खूप स्वस्त मिळतो. मात्र तो अडकवायला पक्की जागा हवी, ग्रिलला अडकवून उपयोग नाही.

बंद खोलीतली हवा

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. बऱ्याच जणांना वाटते, बाहेर युनिट आहे म्हणजे तिकडून हवा येत असेल. येत नाही. बाहेर आणि आत फक्त गॅसची नळी जोडलेली असते. खोलीतलीच हवा एसी पुन्हा पुन्हा गार करून फिरवतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे दार-खिडकी लावून झोपली, तर सगळी रात्रभर एकमेकांचा श्वास घेतात.

त्यातल्या एकाला क्षयरोग असेल तर काय होईल, याचा विचार करा. टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. उघड्या खिडकीतून ते वाऱ्यासोबत विरून जातात. कुलरच्या काळात खिडकी उघडी राहत होती, एसीने ती बंद केली. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती लगेच करा. निकाल येईपर्यंत त्या खोलीत एसी नको, खिडक्या उघड्या आणि पंखा किंवा कुलर. त्या माणसाला दूर लोटायचे नाही, हवा खेळती ठेवायची आहे. एरवीही पहाटे आणि संध्याकाळी उशिरा, बाहेर जरा निवले की, दार-खिडक्या अर्धा तास उघडा. एसी चालू असतानाही दोन-तीन तासांनी दहा मिनिटे दार उघडले तर बिल फारसे वाढत नाही.

बंद खोलीत मच्छर अगरबत्ती लावून झोपू नये, तिचा सगळा धूर घरच्यांच्या छातीत जातो. मच्छरदाणी सर्वांत बरी. एसी लावून, दार लावून स्वयंपाक करू नये. आणि कोळशाची शेगडी तर बंद खोलीत कधीच नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

तापमान किती ठेवावे? २०२० पासून विकल्या जाणाऱ्या स्टारवाल्या एसींना सुरू होताना २४ अंशच ठेवण्याचा नियम आहे. २५-२६ आणि सोबत पंखा, एवढ्यात चांगली झोप लागते. १६ वर ठेवल्याने साधा एसी लवकर गार करत नाही. तो तेवढाच गार करतो, फक्त थांबत नाही. तान्ह्या बाळावर आणि म्हाताऱ्यांवर हवेचा झोत सरळ येऊ देऊ नका.

आणि भर मे महिन्यात दुपारी एसी बंद पडला, मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणाला, तर यंत्रापेक्षा आधी घरातल्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसाकडे पाहा. त्यांना सावलीच्या, हवेशीर जागी हलवा. शेजारचे स्लॅबचे घर असो की विहाराचे सभागृह. ओल्या कापडाने अंग पुसा, पाणी घोटघोट देत राहा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झिंगल्यासारखा करू लागला, अंग तव्यासारखे तापले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते.

एसीची सर्व्हिस फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला करून घ्या. तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो, दर कमी असतो आणि तो घाई करत नाही. घरातल्या युनिटच्या बाजूला एक कागद चिकटवा. सर्व्हिसची तारीख, गॅसचे नाव, भरला असेल तर किती ग्रॅम, गळती कुठे निघाली आणि कुणी काम केले, एवढे त्यावर लिहा. पुढच्या वेळी कुणी गेज लावून ‘गॅस संपला’ म्हणाले की त्याला आधी तो कागद वाचायला द्या.